किती दिवसांच्या?

आमच्या मॅडम मायक्रोस्कोपच्या अंधाऱ्या खोलीत आल्या की आधी दार नीट लोटून घ्यायच्या, मग माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघायच्या आणि एवढंच विचारायच्या, "किती दिवसांच्या?"

पेशी हा शब्द उच्चारायची गरजच नसे. त्या खोलीत वय विचारावं असं दुसरं होतं काय? मी चोवीस वर्षांची होते आणि त्यात कुणाला रस नव्हता.

उत्तर आकड्यात द्यायचं. "बारा, मॅडम." "सहा, मॅडम." लॅबच्या बोलीत याला डीआयव्ही म्हणतात. डेज इन व्हिट्रो, काचेतले दिवस. काच कधीच गेली, आता सगळं प्लॅस्टिक, पण शब्द राहिला. उंदराच्या गर्भातल्या पिल्लाच्या मेंदूतून हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी जपणारा भाग, काढला, पेशी सुट्या केल्या आणि डिशमध्ये पेरल्या, तो दिवस शून्य. आईच्या पोटातले अठरा दिवस हिशेबात धरत नाहीत. पिल्लांचं पुढे काय होतं हे विचारू नका. एथिक्स कमिटीची परवानगी असते, कागद असतात, तरी डिसेक्शनच्या दिवशी मला दुपारी डबा जायचा नाही.

पुण्यात गुरुवार म्हणजे वीज बंदचा वार. जनरेटर होता, पण तो दोन-तीन मिनिटं उशिरा जागा व्हायचा, तेवढ्यात हूडचा, म्हणजे जंतू लागू न देता काम करायच्या पेटीचा, पंखा थांबायचा आणि मॅडमचा रक्तदाब चढायचा. म्हणून आमच्याकडे डिसेक्शन शुक्रवारी. साडेचार वर्षं, न चुकता, शुक्रवारी. हे पुढे कामाला येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

माझा विषय होता अ‍ॅडेनोसिन. पेशीचा सगळा व्यवहार एटीपी नावाच्या नोटेवर चालतो. ती नोट मोडत मोडत गेली की शेवटी हातात जी चिल्लर उरते ती म्हणजे अ‍ॅडेनोसिन. मेंदू दिवसभर राबला की ही चिल्लर पेशींच्या बाहेर साचत जाते. मांजरांना तासन्‌तास जागं ठेवलं तर मेंदूच्या तळाशी असलेल्या एका भागात ती कशी वाढत जाते, आणि झोप मिळाली की कशी ओसरते, हे १९९७ साली मोजून दाखवलं गेलं. गल्ला मोजताना खाली नाणीच नाणी दिसली की दुकानदार ओळखतो, आज धंदा बराच झाला, आता शटर ओढा. मेंदूचं तसंच.

मग चहा काय करतो? एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, ते करतो. अ‍ॅडेनोसिनला बसायच्या जागा, म्हणजे रिसेप्टर, पेशीच्या पृष्ठभागावर असतात. कॅफीन आधी जाऊन तिथे रुमाल टाकतं. रुमाल काही प्रवासी नव्हे. तो तिकीट काढत नाही, कुठे जातही नाही. पण जागा अडली की अडली. अ‍ॅडेनोसिन बिचारं उभं. माझ्या आजोबांची दम्याची डेरिफायलीनची गोळी हेच करायची. तिच्यातलं थिओफायलीन हा कॅफीनचा सख्खा भाऊ. रात्री गोळी घेतली की आजोबा टक्क जागे, आणि घरातले सगळे म्हणायचे, वयामुळे झोप कमी झालीय.

अ‍ॅडेनोसिनची पहिली ओळख मात्र मेंदूतून झाली नाही, हृदयातून झाली. १९२९ साली केंब्रिजमध्ये ड्ररी आणि सेंट-ग्यॉर्गी यांनी हृदयाच्या स्नायूचा अर्क प्राण्यांच्या शिरेत सोडला आणि ठोके मंदावले. आज अचानक भरधाव सुटलेलं हृदय ताळ्यावर आणायला कॅज्युअल्टीत हेच टोचतात. मॉनिटरवरची रेघ क्षणभर आडवी होते, नातेवाइकांचा जीव जातो, आणि मग ठोका परत येतो, शहाण्यासारखा. रक्तात अ‍ॅडेनोसिन दहा सेकंदही धड टिकत नाही.

यावरून वाटेल की हा रेणू म्हणजे ब्रेक. मलाही पहिलं वर्षभर तेच वाटायचं. पण १९७० साली सॅटिन आणि रॉल यांनी गिनीपिगच्या मेंदूच्या चकत्यांवर अ‍ॅडेनोसिन टाकलं तेव्हा पेशींमधलं सायक्लिक एएमपी वाढलं. सायक्लिक एएमपी हा पेशीच्या आतला निरोप्या, त्याचं वाढणं म्हणजे साधारणपणे हालचालीला सुरुवात. मग १९७८-७९ मध्ये फान काल्कर, म्युलर आणि हाम्प्रेख्त या जर्मन मंडळींनी नवजात उंदरांच्या मेंदूच्या पेशी डिशमध्ये वाढवून दाखवलं की हाच पदार्थ सायक्लिक एएमपी कमी करतो आणि वाढवतोही. एकाच डिशमध्ये दोन्ही. मात्रा थोडी असली की कमी, जास्त झाली की वाढ. म्हणजे ऐकणारे कान दोन प्रकारचे असले पाहिजेत. त्यांनी त्यांना ए-वन आणि ए-टू म्हटलं. पुढे ए-टूचे ए आणि बी असे दोन झाले, ए-थ्री सापडला, एकूण चार. ए-वन आणि ए-थ्री दाबतात, दोघे ए-टू उठवतात. परीक्षेत लिहायला इतकं पुरतं.

हे सगळं जिवंत जनावरात उलगडलं नाही, डिशमध्ये उलगडलं, याचा मला उगीचच अभिमान वाटतो. आम्हा कल्चरवाल्यांना नेहमी ऐकवलं जातं, की तुमच्या पेशी म्हणजे कुंडीतलं झाड, रान नव्हे. खरंय. पण कुंडीतलं झाड रोज जवळून बघता येतं.

आणि रोज बघितलं की एक गोष्ट लपत नाही. पेशी मोठ्या होतात. शून्याच्या दिवशी त्या मोहरीसारख्या गोल असतात. दुसऱ्या दिवशी चार-पाच आखूड पाय फुटतात, सगळे सारखेच. मग त्यातला एक कुठलातरी सुसाट लांब होतो. तो ॲक्सॉन, बोलणारा. बाकीचे मागे राहतात आणि चार-पाच दिवसांनी सावकाश ऐकणाऱ्या फांद्या होतात. गॅरी बँकर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली या पायऱ्यांना एक ते पाच असे आकडे दिले. आमच्या भिंतीवर तो तक्ता मुलांच्या लसीकरणाच्या तक्त्यासारखा चिकटवलेला होता. आठवड्यानंतर सिनॅप्स, म्हणजे पेशी-पेशींमधले सांधे, जुळायला लागतात. बारा-चौदा दिवसांत कॅल्शियम वाढलं की चमकणारा हिरवा रंग भरून बघितलं तर सगळं जाळं एकदम उजळतं, एकदम विझतं. मे संपता संपता राजमाचीला एखादं झाडच्या झाड काजव्यांनी एका ठेक्यात पेटतं ना, थेट तसं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते आणि सांगायला जवळ वॉचमन सोडून कुणी नव्हतं. त्याला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "लाइटिंग भारी केलीय."

तर एका बुधवारी मी ए-वन अडवणारं औषध एका डिशमध्ये टाकलं. अपेक्षा अशी, की अ‍ॅडेनोसिनचा ब्रेक सुटेल आणि काजवे जास्त जोरात चमकतील. आधीच्या आठवड्यात अगदी तसंच झालं होतं. या वेळी काहीच नाही. रेघ सपाट, मधूनच एखादी पेशी एकटीच लुकलुकणार, बस. मला वाटलं, औषध खराब झालं. नवीन बाटली मागवली, ती येईपर्यंत पंधरा दिवस गेले. नवीन औषध, नव्या डिशमध्ये, व्यवस्थित चाललं. मी खूश. मॅडमना दोन्ही निकाल दाखवले, जुनं औषध बाद झाल्याचं सांगितलं.

मॅडमनी पहिल्या निकालावर बोट ठेवलं. "या किती दिवसांच्या?"

मी वहीत बघितलं. तारीख होती, वेळ होती, औषधाची मात्रा होती. पेशींचं वय नव्हतं. झाकणावर मार्करने लिहिलं होतं, पण हूडमध्ये नेताना प्रत्येक डिश सत्तर टक्के अल्कोहोलने पुसायची असते आणि मार्कर अल्कोहोलला शरण जातो. शिवाय ती डिश कधीच फेकून दिली होती.

"ब्रेक काढला तरी गाडी सुरू असायला हवी ना गं," मॅडम म्हणाल्या. रागावल्या नाहीत, हेच जास्त लागलं. लाल पेनाने पानावर तिरकी रेघ मारली, वर त्यांचा नेहमीचा प्रश्न लिहिला आणि निघून गेल्या.

पुढची तीन वर्षं मी खरं तर त्या प्रश्नाचंच उत्तर शोधत होते. पेशी वाढते तेव्हा अ‍ॅडेनोसिनच्या बाबतीत बदलतं तरी काय काय? आधी वाटलं, रिसेप्टरची संख्या वाढत असेल. वाढतेच. उंदराच्या पिल्लाच्या मेंदूत जन्माच्या वेळी ए-वन थोडे असतात आणि पहिल्या तीन-चार आठवड्यांत भराभर वाढतात. पण नुसत्या संख्येने भागत नाही. गावात पोस्टमन वाढले म्हणून पत्रं वाढत नाहीत. ए-वनला हवा असतो सिनॅप्स, जिथे तो कॅल्शियमची दारं ओढून घेतो आणि निरोप जाऊ देत नाही. सिनॅप्सच नसेल तर ओढायचं काय? ती दारंसुद्धा वयाप्रमाणे बदलतात. कोवळ्या सिनॅप्सवर एन जातीची जास्त, पुढे बऱ्याच ठिकाणी पी-क्यू जातीची.

यातली सगळ्यात गमतीची गोष्ट मला वाचनात सापडली, प्रयोगात नव्हे. साचलेलं अ‍ॅडेनोसिन उचलून परत कामाला लावणारं एक एन्झाइम आहे, अ‍ॅडेनोसिन कायनेज. म्हणजे घरातली आवराआवर करणारं माणूस. २००६ साली उंदरांमध्ये असं दिसलं की जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत हे एन्झाइम न्यूरॉनमध्ये, म्हणजे निरोप पाठवणाऱ्या पेशींमध्ये, असतं आणि दोन आठवड्यांच्या आत तिथून नाहीसं होऊन शेजारच्या सांभाळणाऱ्या पेशींमध्ये, म्हणजे ॲस्ट्रोसाइटमध्ये येतं. सुरुवातीला प्रत्येक न्यूरॉन आपला पसारा आपणच आवरतो, मोठा झाल्यावर ते काम ॲस्ट्रोसाइट बघतो. (आपल्या घरांत बरोबर उलटं व्हावं अशी अपेक्षा असते. होतं कुठे.) पण विचार करा, आवरणारा बदलला की पसारा किती, कुठे आणि किती वेळ राहणार हेही बदललं. रिसेप्टर तेच, रेणू तोच, पण ज्या खोलीत तो बोलतोय ती खोलीच वेगळी.

कधी कधी तर अ‍ॅडेनोसिन स्वतःच पेशीला सांगतं, की आता मोठी हो. न्यूरॉनवर मायलिनचं आवरण चढवणाऱ्या पेशी लहानपणी नुसत्या दुणावत असतात, एकीच्या दोन, दोघींच्या चार. २००२ साली बेथ स्टीव्हन्स, डग्लस फील्ड्स आणि सहकाऱ्यांनी डिशमध्येच दाखवलं की न्यूरॉन बोलायला लागले की त्यांच्यातून बाहेर पडणारं अ‍ॅडेनोसिन या पोरसवदा पेशींचं दुणावणं थांबवतं आणि त्यांना कामाला लावतं. त्या पसरतात, मायलिन बनवू लागतात. झोप आणणारा रेणू इथे वयात आणणारा झाला. हा शोधनिबंध मी पहिल्यांदा वाचला तेव्हा उठून खिडकीपाशी गेले होते एवढं आठवतं. बाहेर काही विशेष नव्हतं, पार्किंग.

पीएचडी झाली, संशोधन सुटलं, मी कॉलेजात शिकवायला लागले. मध्ये बरीच वर्षं गेली.

मग ताईला एकोणतिसाव्या आठवड्यात कळा सुरू झाल्या.

बाळ एक किलो शंभर ग्रॅमचं. एनआयसीयूच्या काचेतून दिसायचं ते नळ्या, टोपी आणि माझ्या अंगठ्याएवढी पावलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, बाळ मधूनमधून श्वास घ्यायला विसरतंय, म्हणून कॅफीन सुरू केलंय. आई माझ्याकडे वळली. "अगं, एवढ्याशा जिवाला कॉफी?"

कॉरिडॉरमधल्या बाकड्यावर, मशीनच्या पाणचट चहाचे कप हातात धरून मी आईला पंधरा दिवसांचं लेक्चर दहा मिनिटांत दिलं. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळाचं श्वास चालवणारं केंद्र कच्चं असतं. त्यावर अ‍ॅडेनोसिनचा दाब असतो. कॅफीन तिथे रुमाल टाकतं. सुरुवातीचा डोस किलोमागे वीस मिलिग्रॅम कॅफीन सायट्रेट, त्यातलं निम्मं खरं कॅफीन. तुझ्या वजनाला लावायचं तर एका वेळी पंधरा-सोळा कप चहा होईल, आई. तिने हातातला कप खाली ठेवला. आणि आपल्या अंगातून निम्मं कॅफीन साधारण पाच तासांत जातं, याच्या अंगातून जायला तीन-चार दिवस लागतात, कारण ते मोडणारं यकृतही कच्चंच. म्हणून रोजचा डोस थोडाच.

"पण मग मेंदूला काही होणार नाही ना?" आईने नेमकं विचारलं. आया नेमकंच विचारतात.

याचं उत्तर माझ्याकडे होतं आणि ते चांगलं होतं. बार्बरा श्मिट यांच्या पुढाकाराने झालेली एक मोठी चाचणी आहे, पाचशे ते साडेबाराशे ग्रॅम वजनाची २००६ बाळं, आणि योगायोगाने पहिला निकाल छापून आला तोही २००६ सालीच. निम्म्यांना कॅफीन, निम्म्यांना नुसतं सलाइन. कॅफीनवाल्या बाळांची फुप्फुसं कमी बिघडली. पुढच्या वर्षी त्याच मुलांची दीड-पावणेदोन वर्षांच्या वयातली तपासणी छापली गेली, त्यात वाचलेली आणि मेंदूच्या वाढीत मोठं व्यंग नसलेली मुलं कॅफीनच्या गटात जास्त होती. मी आईला आकडे सांगितले नाहीत. म्हटलं, "उलट बरंच होतं."

रात्री ताईपाशी थांबले. ती जागीच होती. छताकडे बघत म्हणाली, "मी चहा सोडला नव्हता. दोन वेळचा. त्याने तर नाही ना झालं?"

इथे मी अडखळले, कारण मला दुसरा एक शोधनिबंध आठवला. २०१३ सालचा, मार्सेयच्या क्रिस्टोफ बर्नार यांच्या गटाचा. गाभण उंदरिणींना पिण्याच्या पाण्यातून कॅफीन दिलं, आणि पिल्लांच्या मेंदूत शांत करणाऱ्या, गाबा बनवणाऱ्या न्यूरॉनना हिप्पोकॅम्पसपर्यंतचा प्रवास करायला उशीर झाला. कारण त्या प्रवासात ए-टू-ए रिसेप्टरचा हात होता आणि त्या जागेवर कॅफीनचा रुमाल पडला होता. झटके आणणारं औषध दिलं की या पिल्लांना लहानपणी झटके लवकर यायचे, मोठेपणी स्मरणशक्ती थोडी कमी भरली. तेच कॅफीन. इकडे काचेपलीकडे ते श्वास चालवतंय, तिकडे पोटातल्या पिल्लाच्या पेशींना वाटेत अडवतंय.

पण ती उंदरं होती, ते कॅफीन गाभणपणापासून पिल्लं पंधरा दिवसांची होईपर्यंत रोज पाण्यातून चाललं होतं, आणि त्यातलं काहीही ताईला कळा लवकर का आल्या याबद्दल बोलत नव्हतं. मला हे सगळं माहीत होतं. तरी रात्री दीड वाजता, ओल्या बाळंतिणीच्या उशाशी, माहीत असलेली गोष्ट सरळ सांगणं किती अवघड असतं! मी म्हटलं, "नाही ताई. चहाने नाही झालं." आणि ते खरंच होतं, निदान त्या प्रश्नापुरतं.

सकाळी राउंडला आलेल्या नव्या डॉक्टरांनी फाइल उघडायच्या आधी सिस्टरना विचारलं, "किती आठवड्यांचं?"

"एकोणतीस अधिक चार, सर."

मी काचेच्या अलीकडे उभी होते आणि माझी पाठ आपोआप ताठ झाली.

भाचा आता शाळेत जातो. चहा मागतो, मिळत नाही. आजी मात्र ब्याऐंशीव्या वर्षी रात्री नऊला कपभर घेते आणि म्हणते, मला काही होत नाही. म्हाताऱ्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये ए-वन कमी होतात आणि ए-टू-ए वाढतात, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. ती विचारेल, "मग चहा बंद करू का?" आणि त्यावर माझ्याकडे काही उत्तर नाही.

गेल्या दिवाळीत माळा आवरताना लॅबच्या जुन्या वह्या निघाल्या. रद्दीत टाकायच्या होत्या, टाकल्या नाहीत. तिसऱ्या वहीत ते पान सापडलं. लाल तिरकी रेघ, वर मॅडमचं बारीक अक्षर. किती दिवसांच्या? मॅडम निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली.

मी मोबाइलवर त्या वर्षाचं कॅलेंडर काढलं. प्रयोगाची तारीख बुधवार. डिसेक्शन शुक्रवारी, त्यात शंका नाही. शुक्रवार ते बुधवार पाच दिवस. किंवा त्याच्या आधीचा शुक्रवार धरला तर बारा. आमच्याकडे दोन आठवड्यांच्या डिश एकाच कपाटात असायच्या, वरच्या खणात नव्या, खालच्या खणात जुन्या. मी कुठल्या खणात हात घातला होता?

पानावर प्रिंट चिकटवलेली होती, गोंद पिवळा पडलेला. बाण काढून मी त्यावर औषध टाकल्याची वेळ लिहिली होती. बाणाच्या उजवीकडे रेघ सपाट. हे आठवत होतं. या वेळी मी डावीकडे बघितलं, औषध टाकायच्या आधीची पाच मिनिटं. तिथेही सपाट. एका पेशीची एक लहानशी टेकडी, मग बराच वेळ काही नाही, मग दुसऱ्या पेशीची एक, पहिलीशी काही संबंध नसल्यासारखी.

बाराव्या दिवशी आमच्या पेशी इतक्या गप्प कधी नव्हत्या.

पेन्सिल शोधली आणि मॅडमच्या अक्षराखाली लिहिलं, पाच.